एका सालाची शकावली (म्हणजे घटनांची तारीखवार यादी) करताय? तारीख लिहायच्या आधी एवढं बघा

आमच्या पेठेत एका कार्यक्रमाचं डिजिटल (फ्लेक्सचा बोर्ड) लागलं होतं, चांगलं वीस फुटी, त्याच्यावर माणगाव परिषदेची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेची, तारीख छापलेली २० मार्च १९२०. चार दिवस ते चौकात उभं होतं, पोरं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होती आणि तारखेसकट ते फोटो सगळीकडं गेले. वर्षभरानं एकजण माझ्याशी त्याच तारखेवरनं वाद घालायला आला आणि पुरावा म्हणून मोबाईलमध्ये त्याच डिजिटलचा फोटो दाखवला! म्हणजे चूक कुणीतरी घाईत टाईप केली, ती छापली गेली, आणि छापली गेली म्हणून तीच पुरावा झाली.

परिषद झाली २१ आणि २२ मार्च १९२० ला. मग २० कुठनं आला? मला वाटतं तो महाडवरनं आला. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चचाच, पण १९२७ चा. दोन्हीकडं बाबासाहेब, दोन्हीकडं मार्च महिना, आणि त्यात भर म्हणजे माणगाव नावाचं दुसरं गाव रायगड जिल्ह्यात आहे, मुंबईकडनं महाडला जाताना वाटेतच लागतंय. आपलं माणगाव हातकणंगले तालुक्यातलं, त्यावेळी कागल जहागिरीत होतं. डोक्यात या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या की हात आपोआप २० लिहितो. चूक बहुतेक वेळा अशीच होते, कुणी मुद्दाम करत नाही, शेजारची आठवण येऊन बसते. म्हणून नुसती चूक दुरुस्त करून थांबू नका, ती कुठनं आली तेही शोधा, कारण ते कळलं की तसलीच दुसरी चूक तुम्हाला लांबनंच दिसायला लागते.

त्या वादानंतर आम्ही तिघांनी १९२० या एकाच सालाची शकावली करायला घेतली. एकच साल, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. लोकांना वाटतं एका वर्षाचं काम म्हणजे सोपं, पण एकाच सालात काम करताना सगळ्या घटना एकमेकींना खेटून उभ्या असतात, एक सरकली की शेजारची बोंबलते, त्यामुळं तपासायचं काम जास्त पडतं. ते कसं केलं ते सांगतो.

आधी तक्ता. एक्सेलमध्ये केलात तरी चालेल, वहीत केलात तरी चालेल, पण रकाने एवढे पाहिजेतच : तारीख, वार, शके-तिथी मिळाली तर ती, काय घडलं, कुठं घडलं, हे मी कुठं वाचलं (पान नंबरासकट), आणि शेवटी खात्री. खात्रीला आम्ही तीनच रंग ठेवले. हिरवा म्हणजे त्या काळच्या कागदात दिसलं. पिवळा म्हणजे चांगल्या पुस्तकात आहे पण मूळ कागद बघितला नाही. लाल म्हणजे ऐकलंय किंवा एकाच ठिकाणी सापडलंय. "कुठं वाचलं" हा रकाना लोक टाळतात, म्हणतात माझ्या लक्षात आहे. सहा महिन्यांनी राहत नाही हो. आमच्या पहिल्या वहीत चाळीसेक ओळी अशा होत्या की त्या कुठनं घेतल्या ते तिघांनाही आठवेना, सगळ्या परत शोधाव्या लागल्या.

तारीख लिहिताना साल-महिना-दिवस असं लिहा, म्हणजे १९२०-०३-२१, म्हणजे क्रम आपोआप लागतो. आणि नुसत्या आकड्यात आलेल्या तारखेवर कधी विश्वास ठेवू नका, कारण अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. त्यांच्याकडचा ८/१/१९२० म्हणजे १ ऑगस्ट. आमच्या एका पोरानं तो ८ जानेवारी समजून घेतला आणि लोकमान्य टिळकांचं निधन जानेवारीत जाऊन बसलं. हे पटकन सापडलं कारण टिळकांची तारीख सगळ्यांना पाठ असते, पण एखाद्या अनोळखी माणसाची असती तर तशीच छापून गेली असती. ज्यांना जुन्या सालाचं काम करायचंय त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. शाहू महाराजांच्या राज्यारोहणाचं १८९४ साल करायला घेतलं तर तो रकाना साध्या मजकुराचा ठेवावा लागेल.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, वार. तारीख तपासायला वारासारखं हत्यार नाही. लिहिणारा माणूस आकडा चुकतो, पण "रविवारी सकाळी सभा भरली" हे तो सहसा चुकत नाही कारण रविवार त्यानं जगलेला असतो. १९२० हे लीप वर्ष, १ जानेवारीला गुरुवार. हेच कॅलेंडर २८ वर्षांनी परत येतं, म्हणजे १९४८, १९७६ आणि २००४. म्हणून मोबाईलमध्ये २००४ चं कॅलेंडर उघडून ठेवायचं, झालं, १९२० चे सगळे वार समोर. (फक्त वार बरं का, तिथी त्यावरनं बघू नका, त्या जुळणार नाहीत.) २१ मार्च बघा, रविवार. २२ सोमवार. तो डिजिटलवरचा २० म्हणजे शनिवार. कुठल्या जुन्या वृत्तांतात "रविवारी परिषद सुरू झाली" असं सापडलं की वाद तिथंच मिटला.

याचाच पुढचा प्रकार म्हणजे नियतकालिकांचा हिशोब. बाबासाहेबांच्या मूकनायक या पत्राचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा, शनिवार. ते पाक्षिक होतं. आता त्या शनिवारापासनं चौदा-चौदा दिवस मोजत जा : १४ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी, १३ मार्च, २७ मार्च, १० एप्रिल. माणगावच्या परिषदेचा वृत्तांत १० एप्रिलच्या अंकात आहे, बरोबर साखळीत बसतो. उद्या कुणी तुम्हाला "मूकनायक, १२ एप्रिल" असा दाखला दिला तर मोजा आणि थांबा, एकतर आकडा चुकलाय किंवा त्यानं अंक स्वतः बघितलेला नाही.

यातनंच दुसरी खबरदारी निघते. अंकाची तारीख आणि घटनेची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. साप्ताहिकात मंगळवारी छापून आलं म्हणजे मंगळवारी घडलं असं नव्हे. हे मला एका वाचनालयात कळलं. तिथं जुन्या अंकांची बांधीव फाईल मागितली, ग्रंथपालबाईंनी टेबलावर आधी स्वच्छ कापड अंथरलं, मग ती फाईल दोन्ही हातांवर उचलून आणून ठेवली. कागद तपकिरी, कडा इतक्या कुरकुरीत झालेल्या की पान उलटताना तुकडे कापडावर पडत होते, आणि बाई म्हणाल्या, "कोपऱ्याला धरू नका, मधनं खालून हात घाला." तसं एकेक पान उलटत गेलो. एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात आठ ओळींची बातमी होती, सुरुवातच "गेल्या रविवारी" अशी. मी खूश होऊन वरची तारीख उतरून घेतली आणि पुढं गेलो. बाईंनी माझी वही बघितली आणि बोटानं दाखवलं, वर मंगळवार आहे, बातमीत रविवार आहे, तुम्ही मंगळवारची तारीख लिहिलीय. दोन दिवसांचा फरक. त्या दिवशी मी वहीतल्या वर्तमानपत्रातनं घेतलेल्या सगळ्या ओळी परत बघितल्या, अकरा ओळींत हीच चूक होती. तेव्हापासनं "अंक तारीख" असा वेगळाच रकाना केलाय, तुम्हीही करा. आणि अशा बातमीचा फोटो काढताना वरची तारीख-वाराची पट्टी पण फोटोत यायला पाहिजे, नुसती बातमी काढली की घरी येऊन डोक्याला हात लावायची वेळ येते.

रात्रीच्या घटना वेगळ्या ठेवा. लोकमान्यांचं निधन मुंबईत सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर झालं. इंग्रजी हिशोबानं १ ऑगस्ट १९२०, रविवार. पण आपल्या जुन्या पद्धतीत दिवस सूर्योदयापासनं सूर्योदयापर्यंत, त्यामुळं जुना माणूस त्याला "शनिवारी रात्री" म्हणणार, आणि ते ऐकून कुणी ३१ जुलै लिहिणार. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. तुमच्या तक्त्यात १ ऑगस्ट लिहा आणि शेजारी "मध्यरात्रीनंतर" एवढं टाका, पुढच्याचा वेळ वाचेल. त्याच १ ऑगस्टला वाटेगावला अण्णाभाऊ साठेंचा जन्म. एका तारखेला दोन मोठ्या ओळी आल्या की लोकांना वाटतं काहीतरी घोळ आहे आणि ते एक ओळ खोडायला निघतात. तारखा एकच आल्या म्हणून काही खोडायचं नाही, दोन्ही ओळी वेगवेगळ्या तपासायच्या.

जन्मतारखांचं प्रकरण मात्र फार नाजूक. आपल्याकडं गावात जाऊन शाळेचे दाखले बघा, अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून. आई म्हणायची "पोळ्याच्या आधी झाला, पाऊस लागला होता", आणि गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लावून टाकली, प्रवेशाचा हिशोब बसावा म्हणून. त्यामुळं १ जून दिसली की मी ती ओळ लालच ठेवतो, दुसरं काहीतरी हाताला लागेपर्यंत. हे नुसतं आपल्या गावाकडचं नाही. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांची अधिकृत जन्मतारीख २७ ऑक्टोबर १९२०, पण घरच्यांच्या सांगण्याप्रमाणं जन्म ४ फेब्रुवारी १९२१ चा, शाळेत घालताना काकांना नक्की तारीख ठाऊक नव्हती म्हणून त्यांनी एक सांगून टाकली. आता मला सांगा, १९२० च्या शकावलीत त्यांना घ्यायचं का? आम्ही घेतलं, अधिकृत तारखेवर, आणि ओळीतच दुसरी तारीख लिहिली. गुपचूप एक निवडायची नाही. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू दे.

आपल्या शाहू महाराजांचंच बघा. जुन्या पुस्तकांत जन्म २६ जुलै १८७४ आहे, आता २६ जून १८७४ मानतात, सामाजिक न्याय दिन पण २६ जूनलाच असतो. आणि पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा जाहीरनामा करवीर गॅझेटात आला तो २६ जुलै १९०२ ला. म्हणजे २६ जून, २६ जुलै, जन्म, जाहीरनामा, सगळं इतकं जवळजवळ की घाईत लिहिणारा हमखास अडकतो. जुनं पुस्तक म्हणजे जास्त खरं असं समजू नका, आणि नवीन म्हणून पण समजू नका, कशावरनं लिहिलंय ते बघा. संस्थानी हुकमाच्या बाबतीत तर तीन तारखा असू शकतात, हुकमावर सही झाली ती, गॅझेटात आला ती, आणि अंमल सुरू झाला ती. तुम्ही कुठली देताय ते शब्दात लिहा : "जाहीर झाला", "लागू झाला". नुसतं "आरक्षण दिले" लिहिलं की तिन्ही तारखावाले तुमच्याशी भांडणार.

"सुरू झालं" हा शब्द पण असाच. असहकार कधी सुरू झाला? १ ऑगस्ट १९२० ला गांधीजींनी सुरू केला, सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसनं ठराव केला, डिसेंबरात नागपूरला त्याच्यावर शिक्कामोर्तब झालं. तिन्ही ओळी वेगवेगळ्या लिहा, एकाच ओळीत कोंबू नका. लांबलेल्या घटनांचं तेच. नागपूरची बहिष्कृत परिषद, जिचे अध्यक्ष शाहू महाराज होते, ती ३० मे, ३१ मे आणि १ जून अशी तीन दिवस, महिना मधेच बदलला. आमच्या यादीत ती आधी जूनमध्ये एकदा आणि मे मध्ये एकदा अशी दोनदा आली होती, दोन पुस्तकांतनं दोन टोकं उचललेली. अँटवर्पच्या ऑलिम्पिकचं तर विचारूच नका, बर्फावरचे खेळ एप्रिलमध्येच उरकले आणि उद्घाटनाचा सोहळा १४ ऑगस्टला. सुरुवात पहिल्या दिवशी लिहायची, शेवट कंसात द्यायचा, आणि सगळ्या सालभर हाच एक नियम पाळायचा.

ऑलिम्पिकवरनं आठवलं, "पहिला" हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. कोल्हापुरात आपण अभिमानानं म्हणतो खाशाबा जाधव भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते, हेलसिंकी १९५२. स्वतंत्र भारताचे, हे दोन शब्द त्यात पाहिजेत, कारण १९०० च्या पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर धरतात. खाशाबांचं मोठेपण त्यानं तसूभर कमी होत नाही, उलट वाक्य पक्कं होतं, कुणाला खोडता येत नाही. आणि १९२० च्या अँटवर्पला आपला रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला होता, पदक एका पायरीवर राहिलं. ही ओळ किती लोकांना माहीत आहे? पहिल्यांच्या मागं लागून चौथ्यांच्या ओळी राहून जातात. आमच्या तालमीतल्या पोरांना हे सांगितलं तर दोघांनी वहीत लिहून घेतलं.

सिनेमाच्या तारखेत पण तेच, सिनेमा तयार झाला कधी, पहिला खेळ झाला कधी, मुंबईत लागला कधी. बाबूराव पेंटरांचा सैरंध्री आपल्या कोल्हापुरातल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, पण पहिल्यांदा लागला पुण्याला, ७ फेब्रुवारी १९२० ला. वार बघितला, शनिवार. ठिकाणाच्या रकान्यात कोल्हापूर लिहू नका, घटना पुण्याची आहे. आपल्या गावाच्या प्रेमात असं होतं, सगळं कोल्हापुरात घडवावंसं वाटतं.

आता इंटरनेटचं. दहा ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणून ती दहा पुरावे होत नाहीत. त्यातल्या नऊ जणांनी एकाकडनं उचललेली असते. हे ओळखायचं कसं, तर चुका बघायच्या. एकाच जागी तोच शब्द सुटलाय, त्याच आडनावाची वेलांटी तशीच चुकलीय, की समजा सगळे एकाच विहिरीचं पाणी पितायत. तसले सगळे मिळून एक धरा आणि दुसरी विहीर शोधा : त्या काळचं वर्तमानपत्र, गॅझेट, पत्रव्यवहार, कुणाची रोजनिशी. इंग्रजी कागदात शोधताना स्पेलिंग बदलून बघा, जुन्या इंग्रजी कागदात कोल्हापूरचं नाव "कोलापूर"सारखं, एच नसलेलं, शेवटी डबल ओ लावलेलं असं चार तऱ्हांनी येतं, एकाच स्पेलिंगनं शोधलं तर निम्मे कागद दिसतच नाहीत.

घरच्या जुन्या चोपड्यांत, पत्रांत शके आणि तिथी असते. शकेत ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण शके पाडव्याला बदलतं आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून पौषाच्या मधल्या भागापासनं फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. १९२० च्या पाडव्यापर्यंत शके १८४१ चाललेलं, पाडव्यापासनं १८४२, रौद्र संवत्सर. नावाचा संवत्सर लिहिलेला असेल तर देवासारखा धावून येतो, कारण साठ वर्षांत एकदाच येतो, आकडा पुसट झाला तरी साल काढता येतं. आणि आकडे पुसट असतातच, दगडावरचा झिजलेला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. असल्या दगडाचा फोटो दुपारी काढू नका, सकाळी किंवा सांजेला तिरप्या उन्हात काढा, खाचेत सावली पडते आणि आकडा उठून दिसतो.

शिवकाळातलं साल घेणार असाल तर हिशोब अजून वाढतो. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ म्हणतो तो जुन्या ज्युलियन कॅलेंडरनं, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आजच्या ग्रेगोरियननं तोच दिवस १६ जून. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ ला, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. त्याच्या आधीच्या सालाचं काम करताना पहिल्याच पानावर लिहा की मी कुठलं कॅलेंडर धरलंय, आणि दोन पद्धती मिसळू नका. मोडी कागदात शुहूर सन (त्या काळच्या कागदपत्रांतली एक जुनी कालगणना) असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, मृगाला तो बदलतो. हे काम एकट्यानं अंदाजानं करू नका, मोडी आणि पंचांग जाणणाऱ्या माणसाशेजारी बसून करा.

यादी छापायला द्यायच्या आधी आम्ही एक केलं, ते सांगून थांबतो. तिघांनी एकमेकांच्या ओळी घेतल्या. स्वतःच्या ओळी स्वतः तपासायच्या नाहीत, डोळा आपलं लिहिलेलं बरोबरच वाचतो. एकानं मोठ्यानं तारीख आणि वार वाचायचा, दुसऱ्यानं २००४ चं कॅलेंडर धरायचं, तिसऱ्यानं मूळ कागदाचा फोटो काढून समोर ठेवायचा. दोन रविवार गेले त्यात. लाल ओळी छापल्या नाहीत, वेगळ्या कागदावर ठेवल्या, आणि छापलेल्या यादीच्या खाली आम्ही यादी कुठल्या तारखेपर्यंत तपासली ते लिहिलं. अजून सतरा ओळी लाल आहेत. तुमच्या घरात माळ्यावर १९२० सालची चोपडी, पत्रिका, पावती, काहीही असेल तर झटकून, उन्हात न ठेवता, पूर्ण पानाचा फोटो काढा, तारीख आणि वार दोन्ही दिसतील असा.